डाव्या तोंडाची कणीक

मुकुंदानं निजाम सरकारची नौकरी सोडून मृदंग गळ्यात घातला, तेव्हा भोकरदनच्या कचेरीत त्याला सगळ्यात जास्त हसलो तो मीच. खरं तर मृदंग आम्ही दोघं एकाच बुवांकडं शिकलो होतो, आणि बुवा म्हणायचे, हात गजाननाचा, म्हणजे माझा, चांगला. आज रामनवमीला मुकुंद देवळात वाजवणार होता. ज्या तहसीलदारसाहेबांसमोर मी अकरा वर्षं रुमी टोपी घालून उभा राहिलो, ते त्याचं ऐकायला सतरंजीवर मांडी घालून बसले होते. माझा नुसता जळफळाट झाला. एवढ्यात मुकुंदानं हाक मारली, "गजानन, जल्दी कणीक मळून दे रे. तुझ्या हातची बराबर बसती, दुसऱ्या कुणाची न्हाई." मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि कणीक पातळ झाली तर आवाज फुसका निघतो. पिठाची परात घेऊन मी देवळामागं गेलो आणि मुद्दाम ओंजळभर पाणी जास्त ओतलं. होऊ दे फजिती, म्हटलं, साहेबांसमोरच होऊ दे. मळलेला गोळा त्याच्या हातात देऊन मी खांबाला टेकलो. मुकुंदानं कणीक थापली आणि पहिली थाप मारली. मंडप असा घुमला, की साहेबांच्या तोंडून "वाह" निघालं. मी माझ्या हातांकडं पाहिलं. मनगटापर्यंत कोरडं पीठ होतं. जास्तीचं पाणी जिरेपर्यंत बोटांनी मूठमूठ पीठ ओढून घेतलं होतं. मला विचारलंच नव्हतं.