आरमारवाले बाहेर

"शंभर पोरं. एक बी कमी न्हाय," चनबसप्पा म्हणाले. "आमची गल्ली लांब हाय."

"मला साठ बास. पण माझी साठ निवडून काढलेली असतील," बिरप्पा म्हणाले. "आन काठ्या संगट."

दोघेही लेझीमचे वस्ताद, सोलापुरातल्या शेजारशेजारच्या तालमींचे. गेल्या विसर्जनाला भर चौकात दोन्ही पथकं भिडली. बिरप्पांच्या पुतण्याचा, धुळाचा, एक डोळा गेला. यंदा, १९७४ साली, पोलिसांनी स्पष्ट सांगितलं होतं : संध्याकाळपर्यंत समझोता करा, नाहीतर दोन्ही मिरवणुका बंद. कुणाची किती पोरं नाचणार, यावरची ही तिसरी बैठक. दोन्ही तालमींचे अध्यक्ष, एक कापडदुकानदार आणि एक वकील, भिंतीला टेकून गप्प बसले होते. वस्तादांपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती.

मध्यस्थ होते कॉलेजात इतिहास शिकवणारे शिवयोगी सर. ते म्हणाले, "हे असंच सत्तावीस साली जिनिव्हाला झालं होतं."

"तितं बी गणपती बसतो व्हय?" बिरप्पांनी विचारलं. अध्यक्षसुद्धा हसले.

सर हसले नाहीत. "पहिलं महायुद्ध जिंकून इंग्रज आणि अमेरिकन एकमेकांचीच जहाजं मोजायला लागले. मोठ्या युद्धनौकांचं वॉशिंग्टनला मिटलं. क्रूझरचं, म्हणजे मधल्या आकाराच्या लढाऊ जहाजांचं, राहिलं. इंग्रजांचं राज्य जगभर, त्यांना हलकी पण पुष्कळ हवी होती. अमेरिकेला थोडी चालणार होती, पण मोठ्या तोफांची. जिनिव्हात शब्द चालला आरमारवाल्यांचा. ज्याला त्याला समोरच्याची तोफच दिसायची. बोलणी फिसकटली."

"मग?"

"तीन वर्षांनी लंडनला जमलं. जहाजं तीच, समुद्र तोच. पण या खेपेला पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष आधी समोरासमोर बसले. आरमाराचा सल्ला घेतला, निर्णय स्वतः केला. दोन्हीकडचे कितीतरी दर्यासारंग चिडले. मंत्र्यांनी ते सोसलं. त्यांना लोकांपुढं उभं राहायचं होतं."

चनबसप्पांनी सरांना कोंडीत पकडलं. "आन पुडं लडाई झाली न्हवं?"

"झाली. पण त्या दोघांची एकमेकांशी नाही."

बिरप्पांनी मांडीवरचा पटका उचलून डोक्याला गुंडाळला आणि ते उठले. बैठक मोडली, असंच सगळ्यांना वाटलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. डोळा गेलेलं पोर ज्याच्या घरात आहे, त्याला थांबवायचं कुणी?

बिरप्पा दाराकडे गेले नाहीत. ते चनबसप्पांसमोर येऊन उभे राहिले.

"ऊट, चनबसप्पा. आपुन हितं बसलोय तवर ह्या दोन अध्यक्षांचं जुळायचं न्हाय. चल, च्या पाज मला."