आंधळे पहारेकरी

“भ्याड हाय ह्यो तुझा गडी,” हंबीरराव म्हणाले आणि परत मेले.

मेले म्हणजे पडद्यावर. खुर्चीत ते ठणठणीत होते आणि मिशीला पीळ देत होते. किल्ल्याच्या दरवाजात दोन पहारेकरी उभे होते. अंधारातून, भिंतीला चिकटून, चोरपावलांनी त्यांच्या पाठीमागून सटकायचं, अशी ती गेम. नाव ‘सायलेंट फोर्ट’. तिचीच ही नवी जोडगेम, ‘द वेल’, म्हणजे विहीर. जुनी सीडी जवळ नसली तरी स्वतंत्र चालणारी. परदेशातल्या मासिकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. हंबीररावांनी मात्र गडी भर उजेडात, पहारेकऱ्यांच्या समोर नेऊन उभा केला होता. लपणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“काका, जरा सावलीतनं घ्या की,” प्रसेनजीत म्हणाला. राजारामपुरीतलं हे गेमचं दुकान त्याचं.

“पाठीमागनं धरायचं? ह्यो काय डाव झाला? समोरनं सलामी द्यायची, मग भिडायचं!”

सलामी दिली. भाला छातीत घुसला.

हंबीररावांनी उभा जन्म कुस्त्यांच्या बातम्या लिहिण्यात घालवला होता. २००४ साली त्यांच्या पेपरानं कॉम्प्युटरची पुरवणी काढली. गेमांचं परीक्षण कोण लिहिणार, असा प्रश्न पडला. संपादक म्हणाले, खेळ तो खेळ, द्या हंबीररावांना. झालं! तेव्हापासून पेठापेठांतले बाप त्यांचं परीक्षण वाचून पोराला गेम खेळायला सोडायचं की नाही ते ठरवू लागले. खासबागेतल्या कुस्तीचा निकाल आधी सांगणारा माणूस पोरांच्या खेळात चुकतोय व्हय?

प्रसेनजीतचा जीव टांगणीला लागला होता. घराची ही पुढची खोली त्याच्या बापानं, यल्लाप्पानं, दसऱ्यापर्यंत दिली होती. तोवर दुकान चाललं तर ठीक, नाहीतर तिथं पिठाची गिरण बसणार होती. सगळी आशा पुढच्या रविवारच्या स्पर्धेवर होती. आणि स्पर्धा ‘द वेल’ची होती, तिचंच परीक्षण आता हंबीरराव लिहिणार होते.

“काका, बाहेर च्या आलाय,” तो म्हणाला.

हंबीरराव बाहेर गेले. प्रसेनजीतनं पटापट चार बटणं दाबली. ही एक चोरवाट होती. ती वापरली की आपला गडी पहारेकऱ्यांना दिसतच नाही. बशीभर चहा फुर्र करून हंबीरराव परत आले आणि छाती काढून सरळ दरवाजातून आत गेले. कुणी हटकलं नाही. ते अंगणात गेले, जिन्यावर गेले. सरदाराच्या नाकासमोर त्यांनी गडी नाचवला. कुणाची पापणी हलली नाही. जेवायच्या आत त्यांनी विहिरीतला खजिना काढला. ते खूश दिसले, म्हणून प्रसेनजीतही खूश झाला. बिचारा! समीक्षक म्हणजे काय चीज असते ते त्याला अजून ठाऊक नव्हतं.

पुरवणीत परीक्षण आलं. “थोरल्याच्या नावावर न जगता धाकटा स्वतंत्र आखाड्यात उतरला, एवढंच कौतुक. बाकी पहारेकरी आंधळे. आम्ही दिवसाढवळ्या किल्ला फिरून आलो, कुणी ‘कोण रे?’ म्हणेना. ही लढत आधीच ठरवून केलेली नुरा कुस्ती आहे. आतून सेटिंग आहे. पालकांनी सावध राहावे.”

गंमत बघा. इतकी वर्षं परीक्षणं लिहून हंबीररावांचं हे पहिलंच अक्षरशः खरं निघालं होतं.

दोन दिवसांत स्पर्धेतली निम्मी पोरं बापांनी काढून घेतली. यल्लाप्पा टेप घेऊन आला आणि गिरणीसाठी भिंत मोजू लागला. प्रसेनजीतला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी त्यानं ठरवलं, रविवारी सगळ्या बापांना बोलवायचं, हंबीररावांनाही बोलवायचं. चोरवाट बंद ठेवून त्यांनाच खेळायला बसवायचं आणि मग चारचौघांत खरं काय ते सांगून टाकायचं. जे व्हायचं ते होईल.

रविवारी खोली खचाखच भरली. हंबीरराव पुढाऱ्यासारखे आले आणि खुर्चीत बसले. “बगा आता, आंधळ्यांचा बाजार,” असं म्हणून त्यांनी गडी छाती काढून दरवाजात नेला.

भाला छातीत घुसला.

त्यांनी पुन्हा सुरू केलं, या खेपेला जरा तिरके गेले. पुन्हा भाला. तिसऱ्या खेपेला तर पहारेकऱ्यानं लांबूनच बघितलं आणि बोंब ठोकली. हंबीररावांचे हात थांबले. मान खाली गेली. आता यांची अब्रू जाणार आणि पाठोपाठ आपली, हे प्रसेनजीतला दिसत होतं.

“काका,” तो म्हणाला, “चूक माझी हाय. त्या दिवशी म्या...”

“गप ऱ्हा!” हंबीररावांनी हात वर केला. मान वर आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “बगितलंसा का मंडळी? म्या लिवलं, पहारेकरी आंधळं हायत. आठ दिसांत कंपनीनं डोळं बसवलं!”

क्षणभर कुणाला कळेना. मग एका बापानं टाळी वाजवली आणि खोली दणाणली. आता कुस्ती नुरा न्हाई, निकाली हाय म्हणत बाप पोरांची नावं परत घालायला पुढं सरकले. प्रसेनजीतनं उघडलेलं तोंड हळूच मिटलं. दसऱ्याची गिरण टळली, एवढं त्याला कळलं.

मागं उभा असलेला यल्लाप्पा टेप खिशात घालता घालता थांबला.

“हंबीरराव, ही कंपनी कुठं हाय म्हणं?”

“क्यानडात.”

“आणि आपला पेपर तितं जातोय व्हय?”

हंबीररावांनी मिशीला पीळ दिला.

“यल्लाप्पा, माणसानं खरं लिवलं की ते कुठंबी पोचतंय.”