कानापर्यंत

"तुम्ही ओढून बघितलंय ना, काका?" नवं धनुष्य हातात घेत अक्षयाने विचारलं आणि हरिश्चंद्र हो म्हणाला.

त्याची बायको सगुणा ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

धनुष्य धामणीच्या लाकडाचं होतं. दोन महिने त्याने ते तासलं होतं, काचेच्या तुकड्याने खरवडून दोन्ही बाजू सारख्या वाकतील असं केलं होतं. भिंतीतल्या खुंटीवर अडकवून, लांब उभं राहून दोरखंडाने खेचूनही पाहिलं होतं. फक्त हातात धरून ओढलं नव्हतं. गिऱ्हाईक दोरी हनुवटीपर्यंत ओढतं. करणाऱ्याने त्याआधी ती कानापर्यंत ओढून दाखवायची, ही त्याच्या बापाची रीत. तीस वर्षं त्याने ती पाळली. मग गेल्या शिमग्याच्या तोंडावर एक धनुष्य त्याच्या हातातच मोडलं आणि वरचा तुकडा गालात घुसला, डोळ्याच्या बोटभर खाली. तेव्हापासून दोरी छातीशी आली की त्याचा हात आपसूक परत जायचा. हे एका सगुणाला ठाऊक होतं. त्यानंतर गिऱ्हाइकासाठी केलेलं हे पहिलंच धनुष्य.

अक्षया देवरूखच्या कॉलेजात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला जिल्ह्याच्या तिरंदाजी संघाची निवड होती आणि तिचं जुनं धनुष्य पार पिळवटलं होतं. तिने पाठीवरची पिशवी घरापुढच्या खळ्यात ठेवली, बाण लावला, आणि दगडी गडग्याला टेकवलेल्या पेंढ्याच्या पोत्यासमोर उभी राहिली.

दोरी मागे येऊ लागली. हरिश्चंद्राला धनुष्य दिसतच नव्हतं, फक्त तिचा गाल दिसत होता. दोरी तिच्या हनुवटीला टेकली आणि कुठेतरी बारीक 'टक्' झालं.

तिला ते ऐकू आलं नव्हतं. आता ओरडलं तर दचकून ती दोरी सोडेल, हे त्याला कळत होतं. झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं तो हळू म्हणाला, "बाय, सोडू नको. तशीच पुढे आन. सावकाश."

तिने दोरी परत आणली आणि काय झालं म्हणून विचारलं. तो धनुष्य हातात घेऊन इंच इंच चाचपू लागला. नख फिरवलं, उन्हात तिरपं धरून पाहिलं. काही सापडलं नाही. दोरी खाचेत नीट बसतानाही असा आवाज होतो. लाकडाच्या आत एखादी शीर तुटली तरी असाच होतो. दोरी बसली असेल, एवढं म्हटलं असतं तर ती पोर समाधानाने धनुष्य घेऊन गेली असती.

"मी खोटा बोललो," तो म्हणाला. "हातानं वढून बघितला नाय मी."

अक्षया त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गालावरचा व्रण तिने आत्ताच नीट पाहिला असावा. उद्या सकाळी नऊला मला मैदानात उभं राहायचंय, एवढंच ती म्हणाली. हे नेऊ नको, असं त्याने सांगितलं, तर दुसरं कुठून आणू, असं तिने विचारलं.

त्याने हात लेंग्याला पुसले आणि बाण लावला. सगुणा ओटीवरून खाली उतरली. तिने अक्षयाला दंडाला धरून खांबाआड नेलं आणि स्वतः मात्र त्याला दिसेल अशी बाहेर उभी राहिली.

पहिल्यांदा हात छातीशी थांबला. त्याने दोरी परत पुढे नेली. दुसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले.

"अवो, डोळे उघडा," सगुणा म्हणाली. "मिटून काय समजनार नाय."

त्याने डोळे उघडले आणि ओढलं. छाती गेली. हनुवटी आली. गालावरची जुनी जागा ठसठसू लागली, जणू लाकूड अजून आतच होतं. तिथून कान चार बोटं, पण त्याला ते अंतर संपतच नाहीसं वाटलं. दोरी कानाला लागली. आता दहा आकडे मोजेपर्यंत ती धरून ठेवायची होती. चारच्या पुढे त्याला काही आठवेना, म्हणून सगुणाने मोठ्याने मोजले. पाच. सहा. लाकूड गप्प होतं. दहा झाल्यावर त्याने दोरी सावकाश पुढे नेली आणि पायरीवर बसला. धनुष्य धरलेली बोटं सुटेनात. सगुणाने ती एकेक करून सोडवली.

"आता तू," तो अक्षयाला म्हणाला.

मघाशी सहज ओढणाऱ्या अक्षयाचा हात आता छातीपाशीच अडला. तिने दोरी खाली घेतली. मग तिने विचारलं, "तुमची गेली का भीती, काका?"

"नाय गेली."

तो उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मघापेक्षा जवळ, हात पोचेल इतका. सगुणाही पुढे आली. अक्षयाने पुन्हा बाण लावला, श्वास घेतला आणि दोरी हनुवटीपर्यंत आणून सोडली.

तिघंही धनुष्याकडेच बघत होती. ते टिकलं. बाण पोत्यात लागला की गडग्यापलीकडे गेला, हे कुणालाच सांगता आलं नसतं.