सुलक्षणाच्या नावाचा जीव

कुंडलिक वाटाड्या असूनही मागून चालत होता, हे नूतनच्या उशिरा ध्यानात आलं. ती थांबली की त्याच्या वहाणांचा आवाजही थांबायचा.

वेल्ह्यातून निघताना तिला नेहमीचा धनाजी हवा होता. तो तापानं पडला आणि त्यानं वरच्या धनगरवाड्यातला हा माणूस धाडला. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी, हातात कोयता, तोंडात शब्द नाही. मोबाईलची रेंज केव्हाच गेली होती.

परत फिरता येत नव्हतं. ओढ्यातल्या खेकड्याच्या पोटाखाली वाढणारा एक परजीवी तिनं शोधनिबंधात नवी जात म्हणून मांडला होता. दिसायला नुसती पिवळसर पिशवी. खेकडा तिला आपलीच अंडी समजून जपतो. पण पिशवीतली पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कळतं, हा खेकड्याच्याच गोतातला. असले जीव समुद्राकाठचे. इतक्या उंचावर, गोड्या पाण्यात ते सापडतात यावर परीक्षकांचा विश्वास बसेना. त्याच डोहातला आणखी एक नमुना आणा, पिल्लांसकट, मग नाव मान्य करू, असं त्यांनी कळवलं होतं.

त्याच डोहात गेल्या वर्षी, तिच्यासोबत हाच जीव शोधणारी तिची मैत्रीण सुलक्षणा बुडाली होती.

"त्या ताईंना म्या वळखत हुतो," कुंडलिक मागून म्हणाला. "आमच्यात भाकर खाऊन जायच्या. लोक म्हनत्यात, पाय घसरला."

नूतन चालत राहिली.

"शेवाळावर अनवानी चालायच्या त्या. त्यांचा पाय घसरनारा न्हवता."

पोलिसांनी अपघात लिहून प्रकरण मिटवलं होतं. वाड्यावरच्या माणसांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मग हा आज आपल्यालाच हे का सांगतोय? तिनं पाऊल उचललं, तसं मागचं पाऊलही उचललं गेलं.

डोहापाशी ती घाईघाईनं दगड उलटू लागली. दोन खेकडे निसटले. तिसऱ्याच्या पोटाखाली पिवळी पिशवी दिसली. तो बरणीत टाकून ती वळली, तर कुंडलिक खिंडीच्या तोंडाशी उभा होता. बाहेर पडायला तेवढीच वाट होती.

"ह्याला नाव काय देनार?"

"सुलक्षणाचं," ती पटकन म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून मग बोलतच राहिली. तिच्या आठवणीसाठी ते नाव दिलंय, एकदा ठरलेलं नाव सहसा कुणी बदलत नाही, जगभर तेच चालतं, त्याच्यामागं फक्त जात पहिल्यांदा मांडणाऱ्याचं आडनाव लागतं.

"मंजी तुमचं."

"हो. माझं."

कुंडलिकनं मान हलवली. कोयता खडकावर ठेवला, घोंगडी अंथरली आणि वाटेतच बसला. त्याचे हात रिकामे पाहून नूतनच्या जिवात जीव आला. तिनं बरणीचं झाकण घट्ट केलं.

"एवढ्यापायी ढकललं व्हय तुमी त्यांना?" तो शांतपणे म्हणाला. "म्या त्या वरल्या कड्यावर शेरडं चारत हुतो तवा."