पूर्ण वाक्य

घोडेगावची सुरेखा नगरच्या इंग्रजी शाळेत येऊन आठवडाच झाला होता. वर्गात मराठी बोललं की हातावर पट्टी बसायची, म्हणून ती दिवसभर मुकीच असायची. त्या सकाळी तिला मॅडमच्या खुर्चीवर काळा विंचू दिसला.

"मॅडम, नो सिट!"

फळ्यावर लिहिणाऱ्या मॅडमनी मागे न बघताच सुधारलं, "फुल सेंटेन्स! प्लीज डू नॉट सिट. रिपीट!"

"प्लीज... डू..."

मॅडम खुर्चीत टेकणार, तोच सुरेखानं धावत येऊन खुर्चीच पाडली. विंचू फरशीवरून सरसरत गेला. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या.

"अगं, मराठीत ओरडायचं ना!"



सुरेखानं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"मारनार न्हाई ना, मॅडम?"