फळ्यावरची तिसरी ओळ

सहा एप्रिलला गुरुजींनी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहिला. १९१९ : रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ. १९३० : दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्याखाली, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाईंनी वाकड्या अक्षरांत तिसरी ओळ लिहिली. २००३ : गावातल्या बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद केलं.

ते दुकान सोमाजींचं होतं. आता ते शाळा समितीचे अध्यक्ष होते.

"गांधीबाबाच्या पंगतीला बसायला निघालीस व्हय गं?" त्यांनी उपरण्यानं ती ओळ पुसून टाकली. "तुमच्यापायी मान्सांना प्यायला कळंबला जावं लागतंय. पुन्ना फळ्यावर दिसलं, तर खिचडीचं काम गेलं समज."

लंकाबाईंचं घर त्याच कामावर चालत होतं. त्यांनी खाली पडलेला खडू उचलून कपाळाला लावला.

"वर्सातनं एकदाच लिवायचा नेम व्हता, भाऊ. तो तुमी मोडला," त्या हळूच म्हणाल्या. "मोडलेला नेम सव्वा महिना रोज पाळावा लागतो. आज पयला दिस."