हलकं मन

बांधाच्या भांडणात सोमेश्वरनं चुलतभाऊ म्हाळूच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. तुरुंगात सहा वर्षं तो झोपेतून किंचाळत उठायचा. मग तिथं ध्यानाचे वर्ग सुरू झाले आणि त्याचं किंचाळणं थांबलं.

पॅरोलवर सुटताच तो उमापूरला म्हाळूच्या बायकोकडं, कडूबाईकडं गेला. ती गोठ्यात कोयत्यानं कडबा तोडत होती.

"वैनी, ध्यानानं मन लई हलकं झालं. मी सोताला माफ केलं. आता झोप बी लागती."

"मला न्हाई लागत रं अजून," म्हणत कडूबाईनं त्याच्या मानेवर कोयता घातला. एकदा, दोनदा, तो हलायचा थांबेपर्यंत.



दुपारी पोलीस ठाण्याच्या फरशीवर ती इतकी गाढ झोपली, की जबाबासाठी तिला हलवून उठवावं लागलं.